डोनरला जी खबरदारी, ती रुग्णाला का नाही? हार्मोन प्रोटोकॉलच्या निवडीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, रुग्ण तक्रार विभाग

महोदय/महोदया,

तुमच्या सेंटरमध्ये आयव्हीएफचा उपचार घेताना मला ओएचएसएस (हार्मोनच्या इंजेक्शनांनी बीजांडकोश अतिउत्तेजित होऊन होणारा त्रास) झाला. पोटात पाणी साठलं, बसलं तरी धाप लागायची, लघवी जवळजवळ बंद झाली. फोन केला की पलीकडून एकच उत्तर यायचं, “पाणी प्या, होतं असं.” शेवटी दुसऱ्या रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. उपचारात त्रास होऊ शकतो, हे मला मान्य आहे. माझी तक्रार आहे ती प्रोटोकॉल, म्हणजे हार्मोनची इंजेक्शनं देण्याची पद्धत, ठरवला कसा, याबद्दल.

मला पीसीओएस (बीजांडकोशांशी संबंधित हार्मोनचा विकार) आहे. एएमएच (स्त्रीबीजांचा साठा दाखवणारं हार्मोन) जास्त आहे आणि पहिल्याच सोनोग्राफीत दोन्ही बीजांडकोशांत लहान फॉलिकलची (स्त्रीबीजांच्या पिशव्यांची) गर्दी दिसली होती. तरीही संमतिपत्रावर ‘लाँग प्रोटोकॉल’ हे शब्द आधीच छापलेले होते, पेनने काही भरायला जागाच नव्हती. एएमएचचा रिपोर्ट येण्याआधी माझी त्यावर सही घेतली गेली. मग तपासण्या कशासाठी केल्या?

दाखल असताना तुमचीच माहितीपुस्तिका वाचली. स्त्रीबीज दान करणाऱ्या डोनरच्या पानावर स्पष्ट लिहिलं आहे की त्यांना अँटॅगोनिस्ट प्रोटोकॉल (स्त्रीबीजं वेळेआधी सुटू न देणारं औषध उशिरा सुरू करण्याची पद्धत) देतात आणि ट्रिगर (स्त्रीबीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन) एचसीजी या हार्मोनऐवजी, मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी चेतवणाऱ्या अ‍ॅगोनिस्टचं देतात, कारण त्यात ओएचएसएसचा धोका खूपच कमी असतो. हे अगदी योग्य आहे. डोनर दुसऱ्या कुणासाठी ही इंजेक्शनं घेते, तिला जपायलाच हवं. पण हाच धोका माझ्या रिपोर्टमध्ये ढळढळीत दिसत असताना मला का जपलं नाही?

लाँग प्रोटोकॉलमध्ये आधीच्या पाळीच्या साधारण २१व्या दिवसापासून सतत अ‍ॅगोनिस्ट देऊन पिट्युटरी ग्रंथी दाबतात. ती दबली की शेवटी अ‍ॅगोनिस्टचं ट्रिगर चालत नाही, एचसीजीच द्यावं लागतं, आणि ते शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं. अँटॅगोनिस्ट मात्र स्टिम्युलेशनच्या (बीजांडकोश उत्तेजित करणाऱ्या इंजेक्शनांच्या) पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास सुरू होतं आणि कोणतं ट्रिगर द्यायचं हे अखेरपर्यंत हातात राहतं. माझ्या बाबतीत तो पर्याय पहिल्याच इंजेक्शनला संपला, आणि हे मला कुणी सांगितलंही नाही.

डॉक्टर म्हणाले, “डोनरला ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) नसतं, तुम्हाला करायचं होतं.” अ‍ॅगोनिस्ट ट्रिगरनंतर त्याच पाळीत ट्रान्सफर केलं तर गर्भ टिकण्याची शक्यता घटते, हे खरं. पण सगळे गर्भ गोठवून पुढच्या पाळीत ट्रान्सफर करता येतं. माझंही ट्रान्सफर शेवटी रद्द करून गर्भ गोठवावेच लागले, फक्त मी आजारी पडल्यावर! पीसीओएस असलेल्यांना अँटॅगोनिस्ट प्रोटोकॉल द्यावा, अशी ‘एश्रे’ या युरोपीय संस्थेची २०१९ची मार्गदर्शक सूचना आहे. तुमच्या तज्ज्ञांना ती माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

पुस्तिकेतल्या तक्त्यात प्रोटोकॉलची तुलना फक्त किती दिवस लागतात आणि किती स्त्रीबीजं मिळतात यावर केली आहे. ओएचएसएसचा रकानाच नाही. तो घाला, आणि संमतिपत्रावर प्रोटोकॉल छापणं बंद करा. मला लाँग प्रोटोकॉल का दिला, याचं डॉक्टरांच्या सहीचं लेखी कारण आणि माझ्या सर्व सोनोग्राफी, हार्मोन तपासण्या व इंजेक्शनांच्या डोसच्या नोंदींच्या प्रती मला हव्या आहेत. त्या हाती आल्याशिवाय गोठवलेल्या गर्भांबाबत तुमच्याकडे पुढचा कोणताही उपचार मी सुरू करणार नाही.

आपली,
एक रुग्ण