हार्नेसची दोरी धरून उभ्या राहिलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र असं चारचौघांत लिहितेय म्हणून रागावू नका. तुमचं नाव, कारखान्याचं नाव, कंत्राटदाराचं नाव, काहीच यात येणार नाही. रायगड जिल्ह्यातला एक रासायनिक कारखाना, तिथलं वार्षिक शटडाऊन (दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवतात ते दिवस) आणि हवेतले वायू मोजणारा पिवळा गॅस मीटर हातात धरून माझ्या पाठीशी उभे राहिलेले तुम्ही. एवढ्यावरून तुम्हाला कळेल. बाकीच्यांना कळायची गरज नाही.

निमित्त असं की त्या व्हेसलचा, म्हणजे रसायनांच्या त्या मोठ्या बंद टाकीचा, फोटो परवा एका प्रदर्शनात लागला. खाली नाव एकट्या माझं. येणारा-जाणारा विचारत होता, ‘अशा ठिकाणी भीती नाही वाटत?’ मी सांगायचे, माझ्या वाटणीची भीती बाळगायला एक माणूस नेमलेला होता. लोक हसले. मी गंमत करत नव्हते.

परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीवर, तुमच्या कामाचं नाव ‘फायर वॉच’ असं असतं, आग लागू नये म्हणून नजर ठेवणारा. फोटोग्राफरसोबत फायर वॉच कशाला, हा प्रश्न मलाही पहिल्यांदा पडला होता. आपण काही वेल्डिंग करत नाही, ग्राइंडर चालवत नाही. गेटवर मोबाइल जमा करून घेतात तिथवर ठीक, पण कॅमेऱ्याला ‘हॉट वर्क परमिट’, ठिणगी पडू शकेल अशा कामाचं? तुम्ही माझी बॅग टेबलावर रिकामी करायला लावलीत आणि एकेक वस्तू बाजूला काढत गेलात. फ्लॅश आधी गेला. ‘यात काय भरलंय माहितेय ना ताई?’ माहीत होतं. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनेकशे व्होल्ट साठवलेले असतात. पण ते आकडे मला फोटोच्या हिशोबात पाठ होते, तुमच्या हिशोबात नव्हे. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही असला तरी पेट घेतो, आणि त्याला लागणारी ठिणगी मिलिज्यूलच्या पन्नासाव्या भागाएवढी. स्वेटर काढताना बोटाला चटका देणारी ठिणगी त्याच्या कितीतरी पट मोठी असते. म्हणजे हाताला जाणवणारही नाही एवढ्या ठिणगीवर भागतं. माझा फ्लॅश तर राक्षसच.

मग ट्रायपॉड गेला. हे मात्र मला खरोखर नवीन होतं. ॲल्युमिनियमचा पाय गंजलेल्या लोखंडावर जोरात आपटला तर दोन धातूंच्या रासायनिक क्रियेतूनच ठिणगी उडते, हे कुठल्याही फोटोग्राफीच्या कोर्सात शिकवत नाहीत. त्याऐवजी तुम्ही स्टोअरमधून वाळूची छोटी पिशवी आणलीत, वर सुती कापड गुंडाळलंत आणि म्हणालात, ‘यावर ठेवा तुमचं बाळ.’ नायलॉनचं जॅकेट गेलं, सुती डांगरी आली. सुटी बॅटरी गेटबाहेरच्या टेबलावर राहिली, कारण ती बदलायची तर परमिटच्या हद्दीबाहेर येऊनच. लेन्सचंही तेच. एक लेन्स, एक बॅटरी, एक कार्ड.

खरं तर अशा जागांसाठी स्फोटरोधक कॅमेरे मिळतात. नागपूरला जिचं मुख्यालय आहे त्या पेसोची, म्हणजे स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यता वगैरे सगळं तपासून घ्यावे लागतात, आणि किंमत ऐकली की माझ्यासारखीने हात जोडून निघावं. म्हणून साधा कॅमेरा, तोही वायू नाही याची खात्री झाल्यावर, आणि ती खात्री दर थोड्या वेळाने पुन्हा करत राहणारा माणूस. माझा अख्खा धंदा त्या माणसावर उभा आहे, हे कोटेशन मागताना एकही क्लायंट बोलत नाही.

व्ह्यूफाइंडरला डोळा लागला की फोटोग्राफरला आजूबाजूचं काही कळत नाही. पाय आपोआप मागे सरकत राहतात, फ्रेममध्ये अजून थोडं मावावं म्हणून. घरगुती समारंभात फार तर खुर्चीला अडखळून पडाल. तिथे मागे काय होतं? ग्रेटिंगचा, म्हणजे पायाखालच्या लोखंडी जाळीचा, एक तुकडा काढून ठेवलेला, दोरीचं कुंपण आणि खाली तीन मजले मोकळे. कानात इअरप्लग, डोळ्यांवर गॉगल, गॉगलच्या आत वाफ. तुम्ही ओरडला असतात तरी मला ऐकू आलं नसतं. म्हणून सुरुवातीलाच ठरवलंत: खांद्यावर एक थाप म्हणजे जागच्या जागी थांबायचं, दोन थापा म्हणजे सगळं सोडून माझ्यामागे चालायचं. ‘का’ ते बाहेर गेल्यावर विचारायचं. मग माझ्या हार्नेसच्या (अंगावर बांधलेल्या सुरक्षा-पट्ट्यांच्या) पाठीच्या कडीला दोरी अडकवून विचारलंत, ‘ताई, धरू ना?’ तो प्रश्न मला फार आवडला होता, हे तेव्हा सांगायचं राहिलं. सोबत नेमलेल्या माणसांचा अनुभव बाईमाणसाला नेहमी असाच येतो असं नाही.

ती दोरी तुम्ही दिवसभर सोडली नाहीत. ताणायची नाही, ढिली पडू द्यायची नाही. मी पुढे वाकले की तिच्यात जेमतेम जाणवेल एवढा भार यायचा, आणि तेवढ्यावरून मला कळायचं की पुढचं पाऊल चालेल की नाही. नंतर सहज म्हणून १९४८चा कारखाना अधिनियम चाळला. टाकी, चेंबर, खड्डा अशा बंदिस्त जागांबद्दलच्या ३६व्या कलमात, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी आणि त्या दोरीचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात, असं चक्क लिहिलेलं होतं. कायद्याची भाषा सहसा कोरडी असते. या ओळीत मला तुम्ही दिसलात. पुढच्याच ३६-अ मध्ये अशा जागी चोवीस व्होल्टच्या वरचा हातातला दिवा सहसा न्यायचा नाही, आणि ज्वलनशील वायूची शक्यता असेल तर ज्वालारोधक बनावटीखेरीज दुसरा दिवा चालणार नाही, असं होतं. थोडक्यात, माझं लायटिंग कायद्यानेच ठरवलेलं होतं.

आणि त्यातूनच तो फोटो निघाला. प्रदर्शनात लोक त्याच्यापुढे उभे राहून ‘लायटिंग काय केलंय’ असं एकमेकांना म्हणत होते, तेव्हा मला किती वेळा तोंड उघडावंसं वाटलं. व्हेसलचं मॅनहोल उघडलेलं, आत मिट्ट काळोख, आणि मला आतल्या भिंतीवर चढलेल्या थरांचं टेक्श्चर हवं होतं. मी कॅमेरा घेऊन पुढे झाले आणि सवयीने डोकं आत घालणार, तेवढ्यात खांद्यावर एक थाप. ‘डोकं आत नाही घालायचं. कॅमेरा घाला.’

नायट्रोजन मारलेलं, म्हणजे आतला ज्वलनशील वायू हटवायला नायट्रोजन भरलेलं, व्हेसल किती फसवं असतं ते तुम्ही दुपारच्या चहाला सांगितलंत. वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, गुदमरल्यासारखंही होत नाही. हवेत एरवी २०.९ टक्के ऑक्सिजन, १९.५च्या खाली गेला की मीटर बोंबलतो. आणि फारच खाली असला तर दोन-चार श्वासांत माणूस जागेवर कोसळतो, घाबरायलाही वेळ मिळत नाही. त्यासाठी आत उतरावंही लागत नाही, मॅनहोलच्या तोंडाशी नुसतं वाकलं तरी पुरतं. तुमचा मीटर त्या वेळी बरोबर आकडा दाखवत होता, व्हेसल हवेशीर केलेलं होतं, कागदही पूर्ण होते. तरीही डोकं आत गेलं की तो ‘प्रवेश’, आणि आपलं परमिट प्रवेशाचं नाही, एवढंच तुमचं म्हणणं. वाद घालायला जागाच नव्हती.

मग वाळूची पिशवी मॅनहोलच्या काठावर, तिच्यावर कॅमेरा, मी स्क्रीनकडे बघत बाहेर. शटर तीस सेकंद उघडं. तुमच्या हातात ज्वालारोधक टॉर्च. मी म्हटलं, ‘काका, भिंतीला रंग देताय असं समजून फिरवा, पण कुठे थांबू नका.’ पहिल्यांदा मधेच पांढरा डाग आला. दुसऱ्यांदा खालचा भाग राहिला. नंतर तुम्ही स्वतःच म्हणालात, ‘वरून खाली नको, आडवं घेतो, वेल्डच्या जोडांवरून.’ आणि त्या आडव्या उजेडात वेल्डची एकेक रेघ उठून आली, थरांचे पापुद्रे दिसले, तळाशी साचलेल्या पाण्यात वरच्या गोल तोंडाचं प्रतिबिंब आलं. ते लायटिंग तुमचं आहे, काका. मी बटण दाबलं. प्रदर्शनवाल्यांना सांगून मी फोटोखालची पाटी बदलून घेतली आहे. ‘प्रकाशयोजना: फायर वॉच, कंत्राटी कामगार’ असं आता तिथे आहे. नाव घालायला तुमची परवानगी नव्हती.

दुसऱ्या दिवशीचं सांडपाण्याच्या टाकीजवळचं विसरले नाहीये. क्लायंटला स्वच्छ पाणी दाखवायचं होतं (सांडपाण्याचे फोटो सगळ्यांना स्वच्छच हवे असतात), ऊन तिरपं आलं होतं, आणि पलीकडे कुणीतरी पंप सुरू करून तळाचा गाळ ढवळला. मला काही जाणवलं नाही. तुमच्या मीटरला जाणवलं. दोन थापा. तुम्ही वर विंडसॉककडे, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, बघितलंत, दोरी तशीच हातात धरून आधी वाऱ्याला आडवे आणि मग वारा जिकडून येत होता तिकडे मला घेऊन निघालात, थेट रस्त्यापर्यंत. कॅमेरा वाळूच्या पिशवीवर तसाच राहिला. बाहेर आल्यावर म्हणालात, हायड्रोजन सल्फाइड, दहा पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) ओलांडून गेला. मी म्हटलं, ‘पण कुजक्या अंड्याचा वास तर आलाच नाही.’ ‘नाकाच्या भरवशावर राहिलेले बरेच गेलेत’, एवढंच बोललात. हा वायू हवेपेक्षा जड, खड्ड्यात आणि टाकीत साचतो; प्रमाण शंभर पीपीएमच्या आसपास गेलं की थोड्याच वेळात वास घ्यायची शक्ती मारून टाकतो, म्हणजे वास थांबला तर तो सुटकेचा निरोप नसतो.

तो फोटो झालाच नाही. ऊन गेलं. कंपनीकडून आलेल्या तरुण साहेबांनी ‘पाच मिनिटांत आकडा खाली येईल, तेवढ्यात घेऊन टाका’ असं सुचवलं, तेव्हा तुम्ही आवाज न चढवता परमिटचा कागद घडी करून खिशात ठेवलात. ‘आता नवीन परमिट, साहेब. नवीन गॅस टेस्ट.’ त्या साहेबांचा पगार आणि तुमचा रोज यांत किती अंतर असेल याचा मला अंदाज आहे. नाही म्हणायचं धैर्य महिन्याच्या पगारावर वेगळं आणि रोजंदारीवर वेगळं. माझं बिल पूर्ण निघालं. त्या तासाबद्दल तुम्हाला कुणी काही बोललं का, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं की नको, कळलं नाही.

दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो. कारखान्यांतून फलक लागतात, शपथा होतात, आणि त्या फलकांसाठी कोरी हेल्मेटं घातलेल्या हसऱ्या माणसांचे फोटो काढायला मला बोलावतात. ते काम मी घेते, पोट आहे. पण आता सांगते की एक फोटो मी सांगेन तो लावा: मागून घेतलेला, कुणाचा तरी मीटर धरलेला हात. अजून कुणी लावलेला नाही.

मुलांना शिकवायला जाते तेव्हा त्यांना साहसाच्या गोष्टी हव्या असतात. मग मी रॉबर्ट लँड्सबर्गची सांगते. १८ मे १९८० रोजी अमेरिकेत माउंट सेंट हेलेन्सचा उद्रेक झाला तेव्हा तो काही मैलांवरून फोटो काढत होता. राखेचा लोट अंगावर येतोय आणि आपण वाचत नाही हे दिसल्यावर त्याने फिल्म गुंडाळली, कॅमेरा बॅगेत ठेवला आणि बॅगेवर स्वतः पालथा पडला. सतरा दिवसांनी तो सापडला, फिल्म शाबूत होती. वर्ग चिडीचूप होतो. त्याच्याबद्दल मला आदर आहे, ज्वालामुखीपुढे गॅस मीटर काय कामाचा. पण कारखान्यातला धोका तसा नसतो, तो बहुतेक वेळा आकड्यात आधी दिसतो, कुणी बघत असेल तर. म्हणून लगेच त्यांना तुमची गोष्ट सांगते, आणि मुलं जरा हिरमुसतात, कारण तुमच्या गोष्टीत कुणी मरत नाही.

तर, आभार. दोरीबद्दल, दोन थापांबद्दल, ‘कॅमेरा घाला’बद्दल, तिरप्या उन्हातला तो फोटो घेऊ दिला नाहीत त्याबद्दल. माझ्या कोटेशनमध्ये आता एक ओळ छापलेली असते: काम चालू असेपर्यंत मीटरसह एक माणूस पूर्णवेळ सोबत, त्याला दुसरं काम सांगायचं नाही, त्याने थांबवलं तर बिल कापायचं नाही आणि त्याचाही रोज कापायचा नाही. दोन क्लायंट या ओळीमुळे गेले. जाऊ देत.

एक काम होतं तुमच्याकडे. चार वायूंचा मीटर मी स्वतःचाही घेतलाय, आणि तुम्ही करायचात तशी रोज सकाळी त्याची बंप टेस्ट करते, म्हणजे थोडा टेस्टचा गॅस देऊन तो बोंबलतो का ते बघते. टेस्टच्या गॅसचा सिलिंडर संपत आलाय आणि इथला दुकानदार वाट्टेल तो भाव सांगतोय. तुमच्या स्टोअरला कोण पुरवतं तेवढं कळवा, आणि एकदा मीटर तुमच्या नजरेखालून घालायचाय. शटडाऊन आटोपलं की फोन करा, मी येते.

तुमची,
कॅमेरावाली ताई