आधी टाकीचं झाकण उचल

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी एकटी राहते, तरी पाण्याचं बिल चौघांच्या घराएवढं कसं?" मी लगेच तुझ्या लांबलचक आंघोळींवर घसरलो. फोन ठेवल्यावर आपल्याच घरातली गोष्ट आठवली आणि ओशाळलो.

दात घासताना नळ सोडून ठेवतेस म्हणून लहानपणी तुला किती ओरडलोय! मिनिटाला सहा-सात लिटर जातात, तेव्हा ओरडणं चूक नव्हतं. पण त्याच दिवसांत आपल्या कमोडची टाकी रात्रंदिवस गळत होती. आवाज नाही, बाहेर ओल नाही. तळाची रबरी झडप झिजलेली, आणि भांड्याच्या मागच्या बाजूने पाण्याचा पातळ पदर गुपचूप उतरतोय. आईने एकदा तिथे कोरडा कागद टेकवला, तो भिजला, तेव्हा कळलं. अशी गळती दिवसाला शेकडो लिटरवर जाऊ शकते. तुझा ब्रश त्यापुढे काहीच नव्हता गं.

तर आज झोपण्यापूर्वी फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे पाच-सहा थेंब टाक आणि वीसेक मिनिटं फ्लश करू नकोस. भांड्यात रंग उतरला म्हणजे गळतंय. पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडातून आत सांडत असेल, तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, जरा खाली घे. तसं नसेल तर बहुधा झडपच गेली.

शॉवरचंही माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः मोज. खाली दहा लिटरची बादली ठेव आणि मोबाइलवर वेळ लाव. एका मिनिटात भरली, तर पंधरा मिनिटांच्या आंघोळीचे दीडशे लिटर झाले. साबण लावताना शॉवर बंद केलास तरी बराच फरक पडेल. गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहतं तेही बादलीत धर, फरशीला होतं. आणि फ्लशला दोन बटणं असतील तर लहान बटण शोभेचं नसतं! (हे तुझ्या काकाला अजून पटलेलं नाही.)

झडप बदलायची झाली तर आधी टाकीला येणारा कॉक बंद कर. मी विसरलो होतो, बाथरूमभर तळं झालं. आणि दुकानात जाताना जुनी झडप सोबत ने. मापं वेगवेगळी असतात, मला तीन खेपा पडल्या.

रंग उतरला का, ते सकाळी कळव.

तुझा,
बाबा