लाल फूल आणि गावची कमान

ब्रायटन, नोव्हेंबर

प्रिय बापू,

तुझा टोमणा पोचला. "साहेबाच्या देशात राहून साहेबाचं फूल छातीवर लावलंस की नाही अजून?" नाही लावलं. पण का नाही, ते मोबाइलवर अंगठ्याने टाइप करून सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. गावातल्या मेलेल्या सैनिकांसाठी कमान बांधताय, तिच्या वर्गणीचं विचारलं होतंस, त्याचंही उत्तर पुढे येईलच.

आधी ते फूल. ऑक्टोबर संपत आला की इथे स्टेशनवर, दुकानाच्या गल्ल्यावर कागदी खसखशीच्या फुलांचे खोके दिसायला लागतात. १९२१ पासूनची पद्धत आहे. डब्यात पैसे टाकायचे, फूल कोटाला टोचायचं, पैसे माजी सैनिकांच्या संस्थेला जातात. ११ नोव्हेंबरला सकाळी अकराला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं, ते १९१९ पासून. सक्ती कुणाचीच नाही. पण टीव्हीवर बातम्या देणाऱ्याच्या कोटावर फूल नसलं तर दुसऱ्या दिवशी त्याचीच बातमी होते. आमच्या ऑफिसातही कुणी विचारत नाही, फक्त नजर एकदा कॉलरकडे जाऊन येते.

तुला वाटतं तसे इथले सगळे एका सुरात रडत नाहीत, हे मुद्दाम सांगतो. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई आजोबांसाठी लाल फूल लावतात. पलीकडचा एक पांढरं लावतो. ते १९३३ मध्ये इथल्या सहकारी चळवळीतल्या बायकांनी काढलं. त्यांच्यातल्या कितीतरी जणींचे नवरे, मुलं पहिल्या महायुद्धात गेलेली. स्मरण करू, पण पुन्हा युद्ध नको, असं त्यांचं म्हणणं. आणि जेम्स मॅक्लीन नावाचा फुटबॉलपटू फूल लावतच नाही. तो उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचा. १९७२ च्या जानेवारीत तिथे ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या, त्याच दिवशी १३ माणसं मेली. त्याने आपल्या क्लबच्या मालकाला पत्र लिहून सांगितलं की फूल फक्त दोन महायुद्धांतल्या मेलेल्यांसाठी असतं तर मी रोज लावलं असतं. तरी दर नोव्हेंबरला इथल्या मैदानांत त्याची हुर्यो उडवायचे.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो हॅरी पॅच. पहिल्या महायुद्धात खंदकात लढलेला इथला शेवटचा माणूस, २००९ मध्ये १११ व्या वर्षी गेला. आयुष्याच्या शेवटी त्याच्याभोवती मंत्री नि कॅमेरे. आणि तो म्हणायचा, ११ नोव्हेंबर हा नुसता तमाशा आहे. माझा दिवस २२ सप्टेंबर, त्या दिवशी १९१७ साली माझे मित्र गेले. ज्याच्या नावाने सोहळा करायचा तोच असं म्हणतो म्हटल्यावर बाकीच्यांनी कुणाच्या कॉलरकडे बघावं, सांग?

तेव्हा मी दोन मिनिटं उभा राहतो, फूल लावत नाही. उभं राहताना कुणाला आठवायचं ते माझ्या हातात असतं. फूल मात्र दुसऱ्याने वाचायचं असतं, आणि तो काय वाचेल ते माझ्या हातात नाही.

आणि उभा राहतो तेव्हा, हसू नकोस, मला तुमचे बसऱ्याचे आबा आठवतात, पहिल्या महायुद्धात गेलेले.

तुमच्या देव्हाऱ्यातली ती काशाची थाळी तुला आठवत असेलच. सिंह आणि हातात त्रिशूळ घेतलेली बाई. तुझी आजी तिला रोज हळदकुंकू वाहायची. आपल्याला लहानपणी ती देवीच वाटायची. ती ब्रिटानिया, लेका. त्या युद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी इंग्रज सरकारने तसली थाळी धाडली होती. कडेने इंग्रजीत लिहिलेलं असतं की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते लिहायला थाळीवर जागा नसावी! पण एक गोष्ट त्यांनी धड केली. थाळीवर हुद्दा घातला नाही, नुसतं नाव घातलं. जनरल असो की शिपाई.

आता बसऱ्याचं ऐक. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, ज्यांची कबर किंवा चिता कुठे ते कळलं नाही, अशा ४०,५०० हून जास्त माणसांचं स्मारक तिथे आहे. सहाव्या पूना डिव्हिजनमधले आपले मराठे कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकले होते. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. रसद संपली, घोडी कापायची वेळ आली, आणि आपल्यातल्या कितीतरी जणांनी कित्येक आठवडे ते मांस तोंडात घातलं नाही. शेवटी त्यांचा सेनापती टाऊनशेंडने शरणागती पत्करली. पुढे कैदेत, वाळवंटातल्या पायपिटीत किती गेले! अशांसाठी ती भिंत उभी राहिली. गोऱ्या शिपायाचं नाव भिंतीवर, हिंदी अधिकाऱ्याचंही नाव. हिंदी शिपायाचं काय? पलटणीचं नाव आणि त्याखाली आकडा. आणखी इतके जण, बस्स. तेच सरकार, तीच माणसं. घरी धाडलेल्या थाळीवर नाव आहे आणि भिंतीवर नाही.

त्या काळी युद्धकबरींच्या कमिशनने तत्त्व म्हणून जाहीर केलं होतं की हुद्दा, वंश, धर्म काही न पाहता सगळ्यांना सारखं वागवायचं. स्मशानभूमीतल्या मोठ्या दगडांवर 'त्यांचं नाव सदैव राहील' या अर्थाचं बायबलमधलं वचन कोरायचं, हे सुचवलं लेखक किपलिंगने. मुंबईत जन्मलेला हा गृहस्थ, ज्याचा स्वतःचा मुलगा १९१५ मध्ये लूसला गेला आणि त्याच्या हयातीत सापडला नाही. त्याच्या दुःखाबद्दल मला शंका नाही. पण ते नाव आमच्या माणसांचं नव्हतं. २०२१ मध्ये कमिशनच्याच अहवालाने कबूल केलं की ४५,००० ते ५४,००० जणांचं स्मरण असं दुजाभावाने झालं. शिवाय किमान १,१६,००० आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं अशी, की ज्यांचं नाव राहिलं नाही किंवा मुळात स्मारकच झालं नाही. यात आफ्रिकेतले हमाल आणि शिपाई फार. माफी मागून झाली. १०० वर्षांनी.

इथे आमच्या मागच्या टेकडीवर एक पांढरी संगमरवरी छत्री आहे. ब्रायटनच्या राजवाड्यात आणि गावात आणखी काही ठिकाणी तेव्हा हिंदी जखमींची इस्पितळं होती, तिथे वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना त्या जागी अग्नी दिला. छत्री १९२१ ची, पण त्या ५३ जणांची नावं तिथे दगडावर आली २०१० मध्ये. जूनमध्ये लोक जमतात, फुलं वाहतात. मी जातो. तिथे मात्र मला कुणाच्या कॉलरचं काही वाटत नाही.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. इंग्रजांसाठी मेले, पगारासाठी गेले, दुष्काळी गावात दुसरं काय होतं, त्यांचं कसलं स्मारक! गेले ते पोटासाठी, हे खरंच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात ४६ जण मेले, ते काही पंचम जॉर्जवर जीव होता म्हणून नव्हे. पण म्हणून त्यांना विसरायचं, हे मला पटत नाही. कोरेगावचा भीमेकाठचा स्तंभ बघ. ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच्या फुशारकीसाठी बांधला. पण त्यावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरली, 'नाक' लावलेली महारांची नावंसुद्धा. १९२७ च्या १ जानेवारीला बाबासाहेब तिथे गेले आणि त्या दगडाचा अर्थच बदलला. आज तिथे जाणारे कंपनीला सलाम करायला जातात का? नाव कोरलेलं होतं म्हणून १०९ वर्षांनी ते कुणाला तरी आपलं म्हणता आलं. बसऱ्याच्या भिंतीवरच्या आकड्याला कोण आपलं म्हणणार?

यावर तू वीरगळ काढशील, माहीत आहे. आपल्या देवळामागच्या वीरगळावर कुठे नाव आहे? खाली लढाई, मधे अप्सरा, वर शिवलिंग, चंद्र-सूर्य. नाव नाही. तरी शेंदूर लागतोच. मी यावर बराच विचार केला आणि माझ्याकडे धड उत्तर नाही. एवढंच म्हणेन की वीरगळ त्या माणसाच्याच गावात उभा राहिला, नाव सांगणारी माणसं समोरून जात-येत होती. बसऱ्याचं तसं नाही. ते स्मारकसुद्धा १९९७ मध्ये सद्दामने उचलून वाळवंटात ३२ किलोमीटर आत नेलं.

तर आता कमान. तू म्हणतोस ४० फुटी, वर तोफेची प्रतिकृती, २६ जानेवारीला डीजे आणि ढोलपथक. आणि तू पाठवलेल्या नकाशात सगळ्यांत मोठी अक्षरं उद्घाटकांची आहेत. बापू, मी पैसे देणार नाही. तुला राग येईल, ये म्हणावं त्याला. जिवंत पुढाऱ्याचं नाव मेलेल्या शिपायापेक्षा मोठं ज्यावर असेल, तो बॅनर. तो दरवर्षी बदलतो, त्याला सिमेंट कशाला?

तुला लाउडस्पीकर हवा, कारण गावातल्या पोरांना माहीत व्हावं असं तुला वाटतं. तेही समजतं मला. भरतीसाठी पहाटे रस्त्याने पळणारी पोरं तुझ्या डोळ्यांसमोर आहेत, माझ्या नाहीत. ढोल वाजव. पण गोळीने नव्हे, टायफॉइडने छावणीत मेलेला, कैदेत मेलेला, खेचरं हाकताना मेलेला, सगळ्यांची नावं बापाच्या नावासकट आणि एकाच मापाच्या अक्षरात घालणार असाल, तर माझा हिस्सा दुप्पट धर. बसऱ्याचे आबा, १९६२, १९६५, १९७१, कारगिल, सगळे एकाखाली एक. मेल्याच्या तारखेने, जातीने किंवा भावकीने नाही. भावकीवरून तुमच्या कमिटीत भांडण होणार, ते तू निस्तर.

यादी करायला वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या बायकांकडे जा. पेन्शनीचे कागद पत्र्याच्या ट्रंकेत त्यांनीच ठेवलेत, पुरुषांना ते कुठे आहेत हेही ठाऊक नसतं. शिपायाचा नंबर आणि पलटण मिळाली तर फोटो काढून मला पाठव, इथल्या नोंदींत शोधायचं काम माझं. आणि कमिटीला सांगायचं झालं तर माझं नाव सांगू नकोस, नाहीतर म्हणतील परदेशात बसून शहाणपण शिकवतोय. तू स्वतःचंच म्हणून सांग, तुझं ऐकतात.

वहिनींना नमस्कार. पोरगा भरतीला बसतोय म्हणालास, त्याच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
अण्णा