शिक्षा किती सामन्यांची हे नंतर ठरवा, आधी शब्द लिहून घ्या

प्रति,
मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : फुटबॉल सामन्यांतील वर्णवाचक व जातिवाचक शिवीगाळीच्या तक्रारींचा निवाडा

महोदय,

शालेय फुटबॉल आणि सुब्रतो मुखर्जी चषकाचे जिल्हा व विभागीय सामने आपल्या खात्यामार्फत होतात. मराठवाड्यात या सामन्यांना रेफ्री आणि प्रशिक्षक म्हणून उभे राहणारे आम्ही आपल्याला एकाच मुद्द्यावर लिहीत आहोत. ‘मला जातीवरून बोलला’, ‘रंगावरून बोलला’ असे सांगत खेळाडू रेफ्रीकडे आला, तर पुढे काय करायचे याचा एक पानी नमुना प्रत्येक रेफ्रीच्या हाती द्या.

अडचण नियमातच आहे. अपमानास्पद शब्द रेफ्रीने स्वतः ऐकला, तर फुटबॉलच्या बाराव्या नियमानुसार तो थेट लाल कार्ड दाखवतो. पण असा शब्द बहुधा कॉर्नरच्या गर्दीत, कानाशी लागून उच्चारला जातो. रेफ्री वीस-पंचवीस मीटरवर असतो. न ऐकलेल्या शब्दावर कार्ड दाखवता येत नाही, फक्त अहवाल लिहिता येतो. आणि अहवालात ‘जातिवाचक बोलल्याची तक्रार’ एवढेच लिहिले, तर त्यावर न्याय करायला कुणाच्याही हाती काही उरत नाही. तक्रारदाराच्या नाही आणि आरोप झालेल्या मुलाच्याही नाही.

१५ ऑक्टोबर २०११ च्या लिव्हरपूल–मँचेस्टर युनायटेड सामन्याचे प्रकरण या बाबतीत बारकाईने पाहण्यासारखे आहे. युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराने लिव्हरपूलच्या लुईस सुआरेझवर रंगावरून बोलल्याचा आरोप केला. चौकशी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या आयोगाने केली. शब्द रेफ्रीने ऐकला नव्हता, पण सामना संपताच तक्रार त्याच्यापर्यंत गेली आणि नोंदवली गेली. त्यानंतर लिव्हरपूलच्याच दोन माणसांनी सुआरेझचे वाक्य त्याच्याकडून ऐकून जसे सांगितले, ते सुआरेझने पुढे आयोगापुढे मांडलेल्या वाक्याशी जुळेना. निकालात हा फरक फार महत्त्वाचा ठरला. त्या संध्याकाळी कुणी काही लिहून घेतले नसते, तर हा फरक कधीच दिसला नसता.

मग प्रश्न अर्थाचा. ‘नेग्रो’ (स्पॅनिशमध्ये ‘काळा’) हा शब्द आपल्या उरुग्वे देशात मित्रालाही म्हणतात, असा सुआरेझचा बचाव होता. आयोगाने तो हसण्यावारी नेला नाही. स्पॅनिशच्या जाणकारांना विचारले आणि भांडण चालू असताना हा शब्द लाडाचा असू शकत नाही, असे ठरवले. शब्द सात वेळा वापरल्याचे मानून आठ सामन्यांची बंदी आणि चाळीस हजार पौंड दंड झाला. कारणे ११५ पानांत जाहीर केली. निकाल पटो न पटो, तो कसा आला हे कुणालाही वाचता येते.

आपल्याकडे याच अर्थाच्या प्रश्नाला जवळचे उदाहरण आहे. छत्रपती संभाजीनगर शहराची पायाभरणी १६१० मध्ये खडकी म्हणून करणाऱ्या मलिक अंबरला इतिहासाच्या पुस्तकात ‘हबशी’ म्हणतात. तिथे तो मूळ देश सांगणारा साधा शब्द आहे. तोच शब्द मैदानात आफ्रिकी खेळाडूच्या पाठीमागे ओरडला, तर तो खेळाडूला खाली पाडण्यासाठीच असतो. कित्येक जातींच्या नावांचेही तसेच आहे. दाखल्यावर ते नाव आणि टॅकल झाल्यावर तोंडात आलेले ते नाव एक नव्हे. म्हणून अहवालात शब्द जसाच्या तसा, ज्या भाषेत उच्चारला त्याच भाषेत हवा. मराठी असो, दखनी असो की लमाणी. लिहायला संकोच वाटतो म्हणून ‘अपशब्द’ लिहिला की पुरावा गेला.

पुराव्याच्या कसोटीबद्दलही मोठा गोंधळ आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये प्रतिस्पर्धी खेळाडूला वर्णवाचक शिवी दिल्याच्या आरोपातून चेल्सी संघाच्या जॉन टेरीला जुलै २०१२ मध्ये लंडनच्या न्यायालयाने निर्दोष सोडले आणि सप्टेंबरमध्ये त्याच घटनेबद्दल इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या आयोगाने चार सामन्यांची बंदी घातली. हा विरोधाभास नाही. फौजदारी न्यायालयाला वाजवी संशयापलीकडचा पुरावा लागतो. शिस्तभंगाच्या चौकशीत पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढे पाहतात. पण न्यायालयासाठी थांबल्याने निकालाला अकरा महिने लागले. आपली जिल्हा स्पर्धा दोन-तीन दिवसांत आटोपते. ॲट्रॉसिटी कायद्याखाली पोलिसांत जाण्याचा हक्क तक्रारदाराला आहेच. तो मार्ग चालू राहो, पण त्याकडे बोट दाखवून स्पर्धेची समिती हात झटकू शकत नाही.

नमुन्यात काय हवे? घटनेचे मिनिट, मैदानातली जागा, नेमका शब्द, त्या वेळी दहा पावलांच्या आत कोण होते, आणि रेफ्रीला कधी सांगितले. साक्षी सामन्यानंतर तासाभरात, एकेकट्याच्या घ्याव्यात. संघ एकत्र बसवून विचारले की पाच जणांची एकच गोष्ट तयार होते, कुणी खोटे बोलत नसतानाही. मुले अठराच्या आतली असल्याने पालक किंवा शिक्षक शेजारी हवेत, पण उत्तर मुलानेच द्यावे. मोबाइलवरची चित्रफीत ज्याने काढली त्याच्याच फोनवर पाहावी. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला तुकडा कुठे कापला आहे ते कळत नाही. आणि या तक्रारीला आक्षेप शुल्क लावू नये.

आरोप झालेल्याला आरोप लेखी मिळावा आणि उत्तराला किमान एक दिवस मिळावा. समितीत तिघे असावेत. त्यातला एकही त्या दोन शाळांचा किंवा त्या तालुक्याचा नको. आम्हाला सर्वांत कळीचे वाटते ते हे, की ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘तक्रार खोटी होती’ हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत आणि ते वेगळेच लिहिले जावेत. साक्षीदार नव्हता म्हणून पोराला खोटारडा ठरवले, तर त्या शाळेतून पुढची तक्रार येणारच नाही.

शिक्षेचा आकडा शेवटी. फिफाच्या संहितेत भेदभावाच्या शब्दांसाठी किमान दहा सामन्यांची बंदी आहे. शालेय हंगामात एका संघाच्या वाट्याला तितके सामनेही येत नाहीत, तेव्हा तो आकडा इथे उचलून आणणे म्हणजे मुलाचे वर्ष बाद करणे. वयोगटानुसार वेगळी पट्टी ठरवा, आणि कारणांचा लेखी निकाल दोन्ही शाळांना सात दिवसांत द्या. मुलांची नावे मात्र बाहेर जाऊ देऊ नका.

प्रेक्षकांतून घोषणा आल्या तर सामना थांबवणे, मग काही वेळ तहकूब करणे, मग रद्द करणे, हा तीन पायऱ्यांचा क्रम जगभर रूढ आहे. आपल्याकडे त्यासाठी एक चालू लाउडस्पीकर आणि मराठी-उर्दूत लिहून ठेवलेली सूचना पुरेल.

हा नमुना छत्रपती संभाजीनगर आणि लातूर या दोन क्रीडा विभागांत पुढच्या हंगामापासून लागू करावा. मसुदा लिहायला आणि रेफ्रींना एका दिवसाचे प्रशिक्षण द्यायला आम्ही विनामोबदला तयार आहोत.

आपले,
मराठवाड्यातील काही फुटबॉल रेफ्री व प्रशिक्षक