अर्ज देखणा झाला, पण चूक सांगेनासा झाला

मा. संपादक,
स. न.

शहरातील अनेक संस्थांच्या संकेतस्थळांना सध्या नवे रूप दिले जात आहे. ते देताना ऑनलाइन अर्जांचे काय होते, याबद्दल पीएचपी या संकेतस्थळे बनवण्याच्या संगणकीय भाषेत असे अर्ज बनवणारा नाशिककर म्हणून हे पत्र लिहितो आहे.

पंचवटीतील आमच्या शेजारच्या काकांनी गेल्या महिन्यात एका संस्थेच्या प्रशिक्षणवर्गासाठी अर्ज भरला. ‘पाठवा’ दाबले की पान क्षणभर हलायचे आणि सगळे रकाने कोरे होऊन पुन्हा समोर यायचे. चार वेळा नाव, पत्ता, पिनकोड भरून शेवटी ‘आपल्याला काही हे जमायचे नाही’ म्हणत त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. त्यांचे चुकले होते ते एवढेच, की जुन्या सवयीने त्यांनी मोबाइल क्रमांकाआधी शून्य लावले होते. क्रमांक ११ अंकी झाला आणि सर्व्हरवरचा १० अंकांचा नियम तो दर वेळी नाकारत राहिला. नियम योग्यच होता. तो मोडल्याचे सांगणारी ओळ मात्र पानावर उरली नव्हती.

संस्थेच्या परवानगीने मी कोड पाहिला. अर्ज लाराव्हेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कवर, म्हणजे कोडच्या तयार सांगाड्यावर, होता. त्यात नियम मोडला की सर्व्हर आपल्याला अर्जाच्या पानावर परत पाठवतो आणि चुकांचे संदेश व भरलेली माहिती सोबत देतो. पण ती दाखवण्याची जागा पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, ठेवावी लागते. रकान्याखाली ‘एरर’ हा निर्देश असेल तरच संदेश उमटतो, आणि ‘ओल्ड’ हे फंक्शन असेल तरच लिहिलेला मजकूर जागेवर राहतो. नवे डिझाइन चढवताना जुने रकाने खोडून डिझायनरकडून आलेले एचटीएमएल जसेच्या तसे चिकटवले गेले होते आणि त्यात हे दोन्ही गेले. अर्ज त्याच संकेतस्थळावरून आल्याची खात्री देणारे सुरक्षेचे छुपे टोकन तेवढे वाचले होते, नाहीतर ४१९ क्रमांकाची एरर येऊन अर्ज तपासणीपर्यंतही पोहोचला नसता.

देखण्या अर्जाला माझा विरोध नाही, कारण रूप बदलण्याची सोय फ्रेमवर्कमध्येच असते. सिम्फनी या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये लेबल, माहिती भरायचा खाना, मदतीची ओळ आणि चुकीचा संदेश हे चार तुकडे वेगवेगळे मांडता येतात किंवा फॉर्म थीममधला (अर्जांच्या रूपाच्या सामाईक साच्यातला) एखादाच ब्लॉक बदलून सर्व अर्जांचे रूप एकदम पालटता येते. यी फ्रेमवर्कमध्ये रकान्याच्या टेम्प्लेटमध्येच संदेशाची जागा ठरवता येते. मात्र ही सोय सोडून सगळे हाताने लिहिले, तर ब्राउझरमधल्या तपासणीला संदेश कुठे दाखवायचा ते कळत नाही. याहून घातक प्रकार म्हणजे तक्रारी आल्यावर संदेश परत आणण्याऐवजी नियमच काढून टाकणे. मग अर्ज जातो, पण चुकीचा क्रमांक घेऊन, आणि त्या माणसाला संस्थेचा फोन कधीच येत नाही. चुकलेल्या रकान्याभोवती नुसती लाल चौकटही पुरेशी नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐकून अर्ज भरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीसाठी संदेश शब्दांत हवा आणि तो त्या रकान्याशी कोडमध्ये जोडलेला हवा.

२०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमध्ये निवासाचे आणि स्वयंसेवक नोंदणीचे कितीतरी अर्ज ऑनलाइन भरले जातील. ते बनवून घेणाऱ्या संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे, की काम ताब्यात घेण्यापूर्वी कार्यालयातील कोणीतरी मोबाइल क्रमांकाआधी शून्य लावून, एक रकाना कोरा ठेवून अर्ज पाठवून पाहावा, आणि चूक नेमक्या त्या रकान्याखाली मराठीत दिसेपर्यंत काम पूर्ण झाले असे मानू नये.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक