ग्राफिक्स कार्ड बदलल्यापासून बंद पडणाऱ्या डेस्कटॉपबाबत तक्रार

विश्रामबाग, सांगली
दि. 9 डिसेंबर 2024

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या सेवा केंद्राने ग्राफिक्स कार्ड बदलून दिल्यापासून डेस्कटॉप रेंडरच्या वेळी (व्हिडिओची अंतिम फाइल बनवताना) बंद पडत असल्याबाबत व योग्य क्षमतेचा पॉवर सप्लाय मिळण्याबाबत.

महोदय,

मी विश्रामबागेत राहत्या घरी लग्नाच्या शूटिंगचे मिक्सिंग आणि अल्बमचे काम करते. 2022 साली आपल्याकडून डेस्कटॉप घेतला. आय-सेव्हन 12700 प्रोसेसर, 32 जीबी रॅम, जीटीएक्स 1650 ग्राफिक्स कार्ड (चित्र आणि व्हिडिओचे काम करणारे) आणि 450 वॉटचा पॉवर सप्लाय (मशीनच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा). अडीच वर्षांत त्या मशीनने एकदाही त्रास दिला नाही. हे मी मुद्दाम आधी लिहिते आहे, कारण माझी तक्रार त्या मशीनबद्दल नाही. दसऱ्यानंतर त्याचे जे झाले त्याबद्दल आहे.

आता सगळीच लग्ने फोर-केमध्ये शूट होतात. रात्रीच्या वरातीतला दाणेदारपणा काढायचा, रंग सारखे करायचे, हे 4 जीबीच्या जुन्या कार्डाला झेपेना. म्हणून दसऱ्याच्या सवलतीत आपल्या सांगलीच्या सेवा केंद्रातून 12 जीबीचे आरटीएक्स 4070 सुपर घेतले. कार्डाचे 62,500 रुपये, बसवण्याचे 800 वेगळे. पैसे देण्याआधी मी काउंटरवर एकच प्रश्न विचारला होता : "आहे त्याच सप्लायवर हे चालेल का?" आपल्या माणसाने माझ्या मशीनचा सिरियल नंबर टाकला, स्क्रीनवर सगळी माहिती उघडली आणि म्हणाला, "बिनधास्त चालतंय मॅडम." त्याच्या त्या शब्दावर मी कार्ड घेतले.

पहिल्याच आठवड्यात तासगावच्या एका लग्नाचे रेंडर लावले. साधारण दहा मिनिटांनी स्क्रीन काळा झाला, पंखे थांबले आणि क्षणभराने मशीन आपोआप पुन्हा सुरू झाले. विंडोज कोसळल्यावर येतो तो निळा स्क्रीन नाही, कसला मेसेज नाही. त्या रात्री असे सहा वेळा झाले. टायपिंग करा, मेल बघा, सिनेमा लावा, दिवसभर काही होत नाही. कार्डावर खरा भार पडला की मात्र बंद.

त्यानंतर मी चार वेळा मशीन उचलून आपल्या केंद्रात नेले. पहिल्यांदा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, नवीन टाकून दिला. दुसऱ्यांदा विंडोज खराब आहे म्हणून मशीन ठेवून घेतले आणि मला न विचारता सी आणि डी दोन्ही ड्राइव्ह फॉरमॅट केले. मूळ शूटिंग मी नेहमी दोन वेगळ्या डिस्कवर ठेवते, म्हणून ते वाचले. पण दोन लग्नांचे कापलेले, जोडलेले, गाणी बसवलेले सगळे काम गेले. त्यातल्या एका लग्नात घाणा भरताना आजी जात्यावर ओव्या म्हणत होत्या. तीन कॅमेऱ्यांचे आवाज जुळवून तो भाग बसवायला मला दोन रात्री लागल्या होत्या. फॉरमॅट करण्याआधी एक फोन करायला काय हरकत होती, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

तिसऱ्यांदा रॅमवर संशय घेतला. चौथ्यांदा सांगितले, "तुमच्या भागात लाइट कमीजास्त होते, मशीन ओके आहे." आमच्याकडे टेस्ट केले तेव्हा बंद पडले नाही, असेही सांगितले. टेस्ट म्हणजे काय केले, असे विचारल्यावर कळले की मशीन दोन तास नुसते चालू ठेवले होते. जो बिघाड फक्त भाराखाली होतो, तो भार न देता कसा दिसणार? आणि प्रत्येक खेपेला तपासणीचे 500 रुपये घेतले.

मग मी स्वतः बसून एकेक गोष्ट बाजूला काढत गेले. सेफ मोडमध्ये जुन्या ड्रायव्हरचा मागमूस पुसून नवीन टाकला, फरक नाही. पेन ड्राइव्हवरून रॅमची तपासणी रात्रभर चालवली. एकही चूक नाही. विंडोज आपल्या नोंदी जिथे ठेवते त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर 41' (मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले) ही नोंद होती आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे विंडोज का कोसळले ते सांगणारा क्रमांक, शून्य. हा शून्य महत्त्वाचा आहे. ड्रायव्हर किंवा विंडोज कोसळले असते तर बहुधा निळा स्क्रीन येऊन त्याचा कोड तिथे नोंदला गेला असता आणि कोसळण्याच्या क्षणाची माहिती असलेली डंप फाइल राहिली असती. इथे विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही. वीज एका झटक्यात गेली, आणि ती गेली होती हे त्याला पुढच्या वेळी सुरू झाल्यावर कळले.

वीज घरातून जात होती की सप्लायमधून, हे पाहणे बाकी होते. माझा यूपीएस 600 व्हीएचा, म्हणजे साधारण 360 वॉटचा. नव्या कार्डाला तो अपुरा आहे हे मला मान्य आहे आणि तो मी बाजूला काढला. मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला जोडले. त्याच खोलीतला ट्यूबलाइट आणि राउटर चालू असताना मशीन तसेच बंद पडले. घरातली लाइट हलली असती तर राउटरही बंद पडला असता.

नंतर कार्डाची वीज सॉफ्टवेअरमधून 60 टक्क्यांवर बांधली. त्याच लग्नाचे रेंडर सव्वादोन तास चालले आणि पूर्ण झाले. शंभर टक्क्यांवर आणले, नवव्या मिनिटाला बंद. शेवटी मिरजेतल्या ओळखीच्या एका व्यावसायिकाकडून 750 वॉटचा सप्लाय आठ दिवसांसाठी मागून आणला. तो जोडल्यापासून पूर्ण वेगाने पाच लग्नांचे रेंडर झाले, मशीन एकदाही बंद पडले नाही. खात्रीसाठी आपला 450 वॉटचा परत जोडला. पुन्हा तेच.

यात न कळण्यासारखे काही नाही. जुने कार्ड 75 वॉटचे होते, ते मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच चालायचे. नवे 220 वॉटचे आहे. माझा प्रोसेसर पूर्ण ताकदीला 180 वॉटपर्यंत जातो. दोघांचे मिळून 400 झाले. मदरबोर्ड, डिस्क, पंखे अजून बाकीच आहेत. शिवाय अशी कार्डे काही मिलिसेकंद ठरलेल्या वॉटच्या वर उसळी घेतात, आणि ती उसळी सप्लायला सोसली नाही की तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. म्हणूनच कार्ड बनवणाऱ्या कंपनीने 650 वॉटचा सप्लाय सुचवला आहे. हा आकडा कार्डाच्या खोक्यावर छापलेला आहे, आणि ते खोके आपल्या माणसाने माझ्यासमोर फोडले होते. कॅबिनेट उघडल्यावर आणखी एक दिसले. कार्डासोबतच्या अडॅप्टरला दोन स्वतंत्र वायरी जोडायच्या असतात. आपल्या तंत्रज्ञाने एकाच वायरीची दोन्ही तोंडे त्यात खुपसली होती, कारण त्या सप्लायला दुसरी वायर नाहीच. ते जोडतानाच त्याला थांबायला हवे होते.

हे सगळे फोनवर सांगितले तेव्हा मला मिळालेली उत्तरे अशी. सप्लाय कार्डाच्या बिलात नाही, म्हणून आमची जबाबदारी नाही. आपण कॅबिनेट उघडले, म्हणून वॉरंटी गेली. मशीन धंद्यासाठी वापरता, म्हणून आपण ग्राहक नाही. आणि, "घरात कुणी जाणकार जेन्ट्स असतील तर त्यांना फोन द्या."

तिसऱ्या उत्तराबद्दल लिहिते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये स्पष्ट म्हटले आहे की स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. मी एकटी काम करते, हाताखाली कुणी नाही, आणि या मशीनवर माझे घर चालते. त्याच कायद्याने मला मी राहते त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही लागत नाही. तिथे जाण्याची मला हौस नाही. लगीनसराई सुरू झाली आहे आणि माझ्याकडे सात लग्ने पडून आहेत. चौथ्या उत्तराबद्दल इतकेच, की वर लिहिलेली प्रत्येक तपासणी मी केली आहे.

माझी मागणी साधी आहे. 650 वॉट किंवा त्याहून अधिक क्षमतेचा, दोन स्वतंत्र वायरी असलेला सप्लाय आपल्या खर्चाने बसवून मिळावा. तपासणीचे 2,000 आणि चुकीच्या जोडणीचे 800, असे 2,800 रुपये परत मिळावेत. सप्लाय देणे जमत नसेल तर कार्ड परत घेऊन 62,500 रुपये द्यावेत आणि जुने कार्ड पूर्ववत बसवून द्यावे. न विचारता फॉरमॅट केल्याबद्दल लेखी खुलासा हवा आहे. गेलेल्या कामाची किंमत मी लावलेली नाही, पण खुलासा मात्र सोडणार नाही. बिल, चारही जॉबशीट, इव्हेंट व्ह्यूअरच्या नोंदींचे फोटो आणि वायरीचा फोटो सोबत पाठवत आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर नोंद करून मी जिल्हा आयोगाकडे अर्ज देईन.

मिरजेहून आणलेला सप्लाय मला येत्या रविवारी परत करायचा आहे. त्याआधी माणूस पाठवणार असाल तर सकाळी 11 नंतर पाठवावा, आणि मशीनबद्दल जे बोलायचे ते माझ्याशीच बोलायचे, हे त्याला सांगून ठेवावे.

आपली विश्वासू,
(सही)
ग्राहक, विश्रामबाग, सांगली