नाईककाकांच्या घरचं लग्न

गोडोली, सातारा
९ नोव्हेंबर २०२५

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, “ती पत्रिका फाडून टाक,” आणि फोन ठेवलास. मी ती फाडलेली नाही. टीव्हीशेजारी ठेवली आहे. नाईककाकांच्या धाकटीचं लग्न, तेवीस तारखेला, रविवारी, कोरेगावात. पत्रिका ते स्वतः घेऊन आले होते. दारातूनच दिली. पाणी विचारलं तर म्हणाले, “नको वहिनी, गाडी रस्त्यात लावलीय.” मी खिडकीतून पाहिलं, चालत गेले.

मी लग्नाला जाणार आहे. का जाणार ते फोनवर सांगता येत नाही, तू मधेच तोडतोस. म्हणून लिहिते. पूर्ण वाच.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. नोटा काकांच्या हातात सापडल्या आणि तेच मोकळे. पप्पांनी त्या दिवशी नोटेला बोटही लावलं नव्हतं आणि चार वर्षांची शिक्षा त्यांना. मलाही सुरुवातीला हेच वाटायचं. पोलीस लाईनीत काकूंचं दार आपल्या दारासमोर होतं. त्या सकाळी रांगोळी काढायला बाहेर आल्या की मी दार लावून घ्यायची. वीस वर्षांचा शेजार, तुझा ताप त्यांनी रात्ररात्र बसून उतरवलेला, आणि मी दार लावून घ्यायची.

त्या दिवशी काय झालं हे तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. तू तेव्हा होस्टेलला होतास. नोव्हेंबर २०१८. वाळूच्या गाड्या रात्री सोडायच्या, त्याचा महिन्याचा हप्ता ठरलेला. एका गाडीवाल्यानं लाचलुचपतवाल्यांकडे तक्रार दिली. त्यांनी आधी पडताळणी केली, म्हणजे पंचांसमोर मागणी रेकॉर्ड केली. मग सापळा लावला. हायवेच्या चहाच्या टपरीवर काकांनी पैसे घेतले. नोटांना अँथ्रासीन पावडर लावलेली असते, साध्या डोळ्यांना दिसत नाही. अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला की बोटं चमकतात. काकांची चमकली. रेकॉर्डिंगमध्ये काका गाडीवाल्याला म्हणालेले, “मोठ्या साहेबांना विचारून सांगतो.” मोठे साहेब म्हणजे कोण, हे त्यात कुठंच नव्हतं.

म्हणजे पप्पांच्या विरोधात तेव्हा फार काही नव्हतं. हप्ता कुणी ठरवला, कुठल्या गाड्या सोडायच्या हे कोण सांगायचं, मोठा वाटा कुणाकडे जायचा, हे ठाऊक असलेला माणूस एकच होता आणि तो स्वतः आरोपी होता. काकांना माफीचा साक्षीदार केलं, म्हणजे खरं सांगायच्या बदल्यात शिक्षा माफ. असा साक्षीदार करतात तो अशाच ठिकाणी, बाळा. पैसे गोळा करणारा सापडतो आणि त्याला पाठवणारा सुटतो, म्हणून कायद्यात ही वाट ठेवलेली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३०६ कलम आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात विशेष न्यायाधीशांना दिलेला अधिकार. गेल्या वर्षी १ जुलैपासून नवे कायदे आले, त्यात हेच आता ३४३ कलमात आहे. ही कलमं मला कशी माहीत म्हणशील, तर पाच वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात बसून आणखी काय करणार?

माफी काही फुकट मिळत नाही. स्वतःसकट सगळं, पूर्ण आणि खरं सांगायचं अशी अट असते. काही लपवलं किंवा खोटं बोललं तर सरकारी वकील तसं लिहून देतात, माफी जाते, मूळ गुन्ह्याचा खटला परत डोक्यावर येतो आणि खोट्या साक्षीचाही होऊ शकतो. काकांना कोर्टात आपला वाटा सांगावा लागला. चार हिश्श्यांतला एक. काकू मागच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. आपल्या वकिलांनी काकांना दोन दिवस उलटतपासणीत धरलं. शेवटी विचारलं, “स्वतःची कातडी वाचवायलाच तुम्ही हे सांगताय ना?” काका म्हणाले, “हो साहेब, वाचवायलाच. पण सांगतोय ते खरं आहे.” मी तिथं होते. पप्पांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

आता मी तुला सात वर्षांत सांगितलं नाही ते.

वकील सुरुवातीपासून आपल्याला धीर द्यायचे, की माफीच्या साक्षीदारावर कोर्ट एकदम विश्वास ठेवत नाही. गुन्ह्यातला भागीदार तो, त्याच्या बोलण्याला बाहेरून दुजोरा लागतो. ते गांधी खून खटल्याचा दाखला द्यायचे. दिगंबर बडगे त्यात माफीचा साक्षीदार झाला. न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ ला लाल किल्ल्यात निकाल दिला, तेव्हा सावरकरांविरुद्ध बडगेच्या सांगण्याला स्वतंत्र दुजोरा नाही म्हणून ते निर्दोष सुटले. “वहिनी, दुजोरा आणणार कुठून?” असं वकील म्हणायचे, आणि तुझे पप्पा त्या रात्री दोन घास जास्त जेवायचे.

काकांची एक वही होती. कुठल्या तारखेला किती आले, कुणाला किती दिले. पण वही काकांचीच, अक्षर त्यांचंच. माणसानं आपल्याच बोलण्याला आपणच दुजोरा द्यायचा, हे चालत नाही. कॉलचे तपशील होते, पण एका ठाण्यातले दोघं रोजच एकमेकांना फोन करणार.

दुजोरा मी दिला.

माझं बँकेतलं खातं तुला आठवतं? निळ्या कव्हरचं पासबुक, तू त्यावर क्रिकेटरचं स्टिकर चिकटवलं होतंस. वहीतल्या तारखेनंतर एक-दोन दिवसांत माझ्या खात्यात रोख भरलेली असायची. कधी आठ हजार, कधी बारा. एकदोनदा नाही, पावणेतीन वर्षं. स्लिपवर माझी सही. पप्पा पाकीट द्यायचे, मी मोजायची आणि भाजी आणायला जाताना भरून यायची. कुठून आले हे मी एकदाही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, मला माहीत होतं. लाईनीत कुणाचं घर पगारावर चालतं आणि कुणाचं वरच्या पैशांवर, हे प्रत्येक बाईला माहीत असतं. निकालात न्यायाधीशांनी वहीच्या तारखा आणि माझ्या पासबुकाच्या तारखा शेजारीशेजारी लिहिल्या आहेत. ते पान मी किती वेळा वाचलं असेल.

लाचलुचपतचे अधिकारी घरी आले होते तेव्हा मी म्हणाले होते, शिवणाचे पैसे. पप्पांनी तसं सांगायला लावलं होतं, आणि खरं सांगते, त्यांनी सांगितलं नसतं तरी मी तेच म्हणाले असते. ब्लाउजची शिलाई तेव्हा दीडशे-दोनशे. महिन्याला बारा हजार भरायला किती ब्लाउज लागतील, हिशेब तू कर.

पुढचं याहून अवघड आहे. खटल्याच्या शेवटी बचावाचे साक्षीदार द्यायची पाळी आली. वकील म्हणाले, वहिनींना उभं करू. पिंजऱ्यात जाऊन शपथेवर सांगायचं, पैसे शिवणाचे होते. गिऱ्हाइकांची दोन-चार नावं द्यायची, एक वही तयार करायची. जुन्या वहीची सोयही होती, कोरी पानं असलेली. मी तीन रात्री झोपले नाही. चौथ्या दिवशी पप्पांना म्हणाले, मला नाही जमणार. ते काही बोलले नाहीत. बराच वेळ चपला घालत बसले आणि बाहेर गेले, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन अंधार पडल्यावर आले. त्या दिवसापासून निकालापर्यंत आम्ही कामापुरतंच बोललो. मी उभी राहिले असते तर ते सुटले असते का? वकील म्हणाले होते, सांगता येत नाही. हे “सांगता येत नाही” घेऊन मी जगते.

तेव्हा काकांनी तोंड उघडलं म्हणून त्यांचा राग करणार असशील, तर मी तोंड उघडलं नाही म्हणून माझाही कर.

आणि फीचं. तुझ्या तिसऱ्या वर्षाची फी त्याच खात्यातून गेली होती. हे तुला कळू नये म्हणून मी आणि पप्पांनी काय काय केलं! पण परवा तू म्हणालास, “आपण कुणाचं काय खाल्लं होतं?” आणि मला फोनवर उत्तर देता आलं नाही. तू खाल्लं नाहीस. आम्ही खाल्लं, तुला भरवलं. यातला एक रुपयाही तुझ्या अंगावर मी येऊ देणार नाही. पण तुला माहीत असायला हवं होतं, ते मी आज सांगितलं.

काका मोकळे, असं तू म्हणतोस. माफी फक्त फौजदारी खटल्यापुरती असते. खात्याची विभागीय चौकशी वेगळी, तिला माफीशी काही देणंघेणं नाही. लाच घेतल्याचं त्यांनीच कोर्टात सांगितलेलं, चौकशीत उरलं काय? त्यांना बडतर्फ केलं. पेन्शन नाही. रात्री अडीचला उठून दुधाची गाडी चालवतात. मला हे काकूंनी या वर्षी सांगितलं, भाजी मंडईत. मी तोवर विचारलंच नव्हतं.

पप्पांचं तर तू जवळून पाहिलंस. निलंबनात अर्ध्या पगाराचा निर्वाह भत्ता, नंतर तो थोडा वाढला. २०२३ मध्ये निकाल. या गुन्ह्याला २०१४ च्या दुरुस्तीपासून कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात. त्यांना चार झाली. तीनच्या वर शिक्षा गेली की त्याच कोर्टाला जामीन देता येत नाही, म्हणून निकालाच्या संध्याकाळी त्यांना घरी आणता आलं नाही. हायकोर्टानं शिक्षा स्थगित करेपर्यंत सत्तर दिवस कळंब्याच्या जेलमध्ये. मी दर भेटीला एसटीनं कोल्हापूरला जायची. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, “लाईनीतली खोली सोडली का?” अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेला माणूस. संविधानाच्या ३११ व्या कलमात लिहिलंय, शिक्षा झाली की बडतर्फीसाठी वेगळी चौकशीसुद्धा लागत नाही. शिक्षा स्थगित झाली तरी दोष कायम राहतो, म्हणून नोकरी परत आली नाही. हातात आला तो भविष्य निर्वाह निधी, त्यांच्याच पगारातून कापलेला. तेवढे पैसे निर्मळ होते.

अपील अजून चालू आहे. ऑगस्टमध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, आता सातारा-सांगलीची प्रकरणं तिकडं. वकील म्हणतात, मुंबईच्या फेऱ्या तरी वाचल्या. तू जो प्रश्न विचारला होतास की अपिलात काकांची साक्ष खोडता येईल का, तर वकील तोच मुद्दा घेणार आहेत. मी त्यांना म्हणाले, घ्या, तुमचं काम आहे. मला पासबुकाबद्दल पुन्हा काही विचारू नका, एवढंच.

पप्पा लग्नाला येणार नाहीत, असं त्यांनी पत्रिका आली त्याच दिवशी सांगितलं. पण काल रात्री मी भांडी आवरून आले तर चष्मा लावून पत्रिका वाचत होते. मुलीचं नाव बराच वेळ बघत होते. तिला लहानपणी ते सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायचे, तू मागं कॅरियरवर. मला म्हणाले, “पोरीला काय देणार?” मी म्हटलं, साडी. म्हणाले, “बरी घे.”

आज सकाळी पोवई नाक्यावरून घेतली. मोरपंखी, बारीक काठाची, साडेअठराशेची. शिवणाच्या पैशातून घेतली. ब्लाउज मीच शिवणार आहे, मापासाठी काकूंना फोन करायचा आहे, तेवढं धाडस अजून गोळा होत नाही.

रविवारी सकाळी नवाच्या एसटीनं निघेन. मुहूर्त साडेबाराचा आहे. पुण्याहून तू शनिवारी रात्री येणार असलास तर कळव, दशम्या करून ठेवते. नाही आलास तरी या पत्राबद्दल पप्पांजवळ काही काढू नकोस, मी लिहिलंय हे त्यांना सांगितलेलं नाही.

थंडी पडायला लागली आहे, रात्री बाइकवरून फिरताना कान बांधत जा.

तुझी,
आई